त्या बाया नाही म्हणाल्या नव्हत्या

मित्रा, तुला जाऊन आज वीस दिवस झाले. रडून झालं, तुझे कपडे वाटून झाले, आईला गावी, बेंबळीला सोडून आले. सगळं उरकलं, फक्त तुझा हेवा तेवढा जात नाही. मेलेल्या बहिणीचा कुणी हेवा करतं का? मी करते. तुझ्याशी खोटं बोलून एकदा काय झालं ते बघितलंय, म्हणून आता खरं तेच लिहिते.

लहानपणी हा हेवा नव्हता. मी तुझ्याहून चारच वर्षांनी मोठी, तरी तुला कडेवर घेऊन सगळं बेंबळी फिरवलंय. अण्णा शाळेत शिपाई, आणि शाळा सुटल्यावर ते वर्ग झाडत असताना आपण दोघी मुख्याध्यापकांच्या ओसरीत पाटी घेऊन बसायचो. बारावीला मला शास्त्राचे मार्क चांगले पडले. अण्णांनी विचारलं, नर्सिंगला जाशील का, नोकरी लवकर लागंल. मी व्हय म्हणाले. तुझी बारावी झाली तेव्हा मी उमरग्याच्या प्रसूतीच्या दवाखान्यात लागलेही होते, घर जरा सावरलं होतं, त्यामुळं तुला असं काही विचारायची कुणाला गरजच पडली नाही. तू धाराशिवला बीएस्सी केलीस, मग हैदराबाद, तिथंच पीएचडी, तिथंच संशोधन. मी माहेरी गेले की आई मला पाणी द्यायची आणि तुझी चौकशी करायची. मित्राचा फोन आलता का, मित्रा नीट जेवती का. मी समोर बसलेली असायचे.

तू नेमका कशाचा अभ्यास करतेस हे मला कळलं ते माझ्याच स्वयंपाकघरात. एप्रिलात जयंतीला तू उमरग्याला आली होतीस. मी भाकरी थापत होते आणि तू ओट्यावर चढून बसलीस. विचारलंस की अक्का, तू रोज शिरा शोधतीस, शिरेला आतून काय असतं? मी म्हणाले, रक्त. तू हसलीस, आणि मग सांगत सुटलीस. शीर म्हणजे नुसती नळी नव्हे. तिला आतून पेशींचं अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं, फरशीसारखं एकीला एक चिकटलेलं. मोठ्या धमनीपासून केसाहून बारीक वाहिनीपर्यंत सगळ्यांना. रक्ताला पहिल्यांदा शिवतं ते हे अस्तर, आणि ऑक्सिजन कमी पडला की त्याला ते कळतं. त्या पेशींमध्ये एक प्रथिन सारखं तयार होतं आणि सारखं मोडलं जातं, आणि ते मोडायला ऑक्सिजनच लागतो. ऑक्सिजन घटला की मोडणं थांबतं. प्रथिन साठतं, पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि तोवर बंद असलेली कामं चालू करतं. जिथं श्वास कोंडलाय तो भाग हाक मारतो, आणि जवळच्या वाहिनीच्या अस्तरातली एखादी पेशी रांग सोडून हाकेच्या दिशेनं हात लांबवते. बाकीच्या तिच्यामागं येतात. अशी नवी वाहिनी तयार होते.

मी इतकी गुंगून ऐकत होते की तव्यावरची भाकरी करपली.

"रांग सोडून पुढं कोण जायचं, हे कोण ठरवतं?" मी विचारलं.

"जिला हाक आधी ऐकू येती ती जाती. आणि जाताना शेजारणीला सांगती, तू थांब, तू पुढं यायचं न्हाय."

"आणि शेजारीण ऐकती?"

"ऐकावंच लागतं. पण ती रिकामी बसत न्हाय, अक्का. वाढायचं काम तीच करती, नळी तीच बांधती. ती नसली तर पुढची एकटी तुटून जाईल."

"हे पुढं गेलेली बोलती," मी म्हणाले.

तू पेशींबद्दलच बोलत होतीस हे मला कळत होतं. तरी तोंडातून गेलं. तू ओट्यावरून उतरलीस आणि मला सुनावलंस की अण्णांनी तुला विचारलं होतं, मी दारात बसून ऐकलंय, तू स्वतःच्या तोंडानं व्हय म्हणालीस. मी म्हणाले, अठराव्या वर्षी बापाला न्हाय म्हणता येतं व्हय? हे भांडण आपण किती वर्षं चालवलं, मित्रा. फोनवर, माझ्या प्रज्ञाच्या बारशात, अण्णांना पोचवून आल्यावर त्याच संध्याकाळी. ते कुणीच जिंकलं नाही. आता तर तू मैदान सोडून गेलीस, त्यामुळं जिंकले असं मलाही म्हणता येत नाही.

त्याच मुक्कामात तू मला नाळा मागितल्यास. बाळ जन्मलं की नाळ आम्ही कापतो आणि वारेबरोबर पिवळ्या पिशवीत टाकतो. तू म्हणालीस, त्या नाळेत एक जाड शीर असते, आणि तिच्या अस्तराच्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवता येतात. पण हैदराबादच्या नाळा तुला नको होत्या. तुला आपल्या भागातल्या बायांच्या हव्या होत्या, ज्यांच्या अंगात रक्त कमी, ज्या धापा टाकतच बाळंतीण होतात. आईचं रक्त कमी असताना जी नाळ वाढली, तिच्या पेशी ऑक्सिजन घटल्यावर लवकर जाग्या होतात की थकून गेलेल्या असतात, एवढाच तुझा प्रश्न होता. मला तो प्रश्न फार आवडला. माझ्या वॉर्डातल्या बायांबद्दल असा प्रश्न त्याआधी कुणी विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं.

सगळ्या रीतसर परवानग्या झाल्या. मी बाईला दाखल झाल्यावरच शांतपणे समजावून सांगायचे, ती संमतीपत्रावर सही करायची. बाळ झालं की नाळेचा वीतभर तुकडा दोन्हीकडून चिमटे लावून कापायचा, थंड सलाइनच्या बाटलीत घालायचा, बाटली लसीच्या बर्फाच्या डब्यात, आणि डबा हायवेवर हैदराबादच्या बसमध्ये. कंडक्टर विचारायचे, काय आहे मॅडम? मी सांगायचे, नाजूक औषध आहे, उन्हात ठेवू नका. संध्याकाळी तुझा फोन यायचा. "जिवंत आहेत, अक्का." एवढंच बोलायचीस. त्या दोन वर्षांत मी जितकी खूश होते तितकी आधी नव्हते आणि नंतरही नाही. ते तुझ्यामुळं होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मग तुझा निबंध छापून आला. तू मला त्याची प्रत आणून दिलीस, चकचकीत कागदावर. इंग्रजी मला अडखळत येतं, पण नावं वाचता येतात. वर तुझं नाव, मग तुझ्या प्रयोगशाळेतल्या डॉ. लावण्याचं, मग आणखी कुणाकुणाचं. माझं नाव मी शेवटपर्यंत शोधलं. शेवटी आभार होते: सगळ्या मातांचे आणि परिचारिका वर्गाचे. परिचारिका वर्ग म्हणजे कोण? दवाखान्यात त्या कामाला दुसरी कुणी हात लावत नव्हती. मी प्रत मिटली आणि तुला चहा विचारला. तू म्हणालीस, साखर कमी टाक.

त्यानंतर मी विचारणं सोडून दिलं. तुझा फोन आला की सांगायचे, बाया तयार होत न्हाईत. नाळ घरी न्यायची, पुरायची म्हणतात, सासवा ऐकत न्हाईत. तुला ते पटलं, कारण आपल्या बायांबद्दल असं काही मानायला तू तयारच होतीस. एक रेखा नावाची बाई तेव्हा दाखल झाली होती. आमच्याच वस्तीतली. तिच्या जावेची नाळ मी आधी पाठवली होती. रेखानं स्वतः होऊन विचारलं, "सिस्टर, जाऊबाईंची घेतली, मग माझी का न्हाय घेणार?" मी म्हणाले, ते काम आता बंद झालंय. तिचा चेहरा पडला. तिची नाळ मी माझ्या हातानं पिवळ्या पिशवीत टाकली.

पुढच्या जयंतीला तुझं भाषण आमच्या विहारात ठेवलं होतं. तू उभी राहिलीस आणि बायांवर बरसलीस. बाबासाहेबांनी आपल्याला कशासाठी शिकायला लावलं, फेकून द्यायची नाळ देताना कसल्या समजुती आड येतात, असा अडाणीपणा करून तुम्ही तुमच्याच लेकरांचं नुकसान करताय. बाया खाली मान घालून ऐकत होत्या. रेखा तिसऱ्या रांगेत बाळ घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी सतरंजीकडं बघितलं.

तुला सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण त्याच पावसाळ्यात तुझं पोट फुगायला लागलं, आणि तपासण्यांत अंडाशयाची गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, केमो झाली, दीड वर्ष बरं गेलं, आणि गाठ परत आली. मग तू नोकरीवरून रजा घेऊन माझ्याकडं आलीस. खिडकीजवळ तुझी कॉट टाकली. प्रज्ञा कॉलेजातून आली की थेट तुझ्याजवळ. तुझे केस गेले म्हणून माझ्या पोरीनं न विचारता आपले केस बारीक कापून घेतले. मला ताप आला होता तेव्हा ती मला साधी गोळी द्यायची विसरली होती. ते आठवून मी तुझ्या उशाशी उभी होते. एवढ्या आजारी बहिणीचा हेवा करायचा म्हणजे काय माणूस म्हणायचं मला. पण केला.

प्रज्ञानं एकदा तुला विचारलं की मावशी, गाठ वाढती कशी? तू उशीला टेकून तिला समजावून सांगितलंस. गाठ मोठी झाली की तिच्या मध्यात ऑक्सिजन पोचत नाही. मग ती पण हाक मारते, अगदी तशीच. आणि माझ्याच शिरांच्या अस्तरातल्या पेशी उठून तिच्याकडं जातात, तिला रक्त नेऊन देतात. "त्यांना काय कळतं कोण बोलावतंय," तू म्हणालीस. "त्या त्यांचं काम नीट करतात." तुला देत होते ते औषध ती हाक ऐकू येऊ नये म्हणूनच होतं. त्यानं बीपी चढतं, म्हणून मी रोज दोनदा तुझ्या दंडाला पट्टा बांधायचे. तू न रडता सगळं सांगत होतीस आणि प्रज्ञा वहीत लिहून घेत होती. मला वाटलं, हिला मरण सुद्धा समजावून सांगता येतंय. मी बावीस वर्षं वॉर्डात काढली, पण माझ्याजवळ बसून कुणी असं काही लिहून घेतलं नाही.

दुपार होती. प्रज्ञा कॉलेजला, आई अजून बेंबळीहून यायची होती. तू मला तुझी फाइल बांधायला सांगितलीस, लावण्याकडं पाठवायला. मी सुतळी गुंडाळत होते आणि तू डोळे मिटून म्हणालीस, अर्धवटच राहिलं बघ. त्या बायांनी साथ दिली असती तर उत्तर हाती आलं असतं.

मी म्हणाले, "मित्रा, त्या बाया न्हाय म्हणाल्या नव्हत्या. मी विचारलंच न्हाय."

तू डोळे उघडलेस. मी सगळं सांगितलं. निबंध, परिचारिका वर्ग, रेखा, पिवळी पिशवी. मला वाटलं होतं तू फाइलबद्दल बोलशील.

"मी त्यांना अडाणी म्हणाले, अक्का," तू म्हणालीस. "विहारात उभी राहून. आणि तू तिथं बसून ऐकलंस."

मग निबंधातल्या माझ्या नावाचं विचारलं मी. का नाही घातलंस? तू म्हणालीस, "सुचलंच न्हाय. तू म्हणजे मीच, असं धरून चालले." खरं सांगते, माफी मागितली असतीस तर मी विरघळले असते. ह्या उत्तराचा मात्र मला जास्तच राग आला, आणि तो राग घेऊन मी भांडी घासायला गेले.

दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. पेज प्रज्ञाच्या हातून प्यायलीस. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बीपीचं मशीन घेऊन आले तर तू आपणहून हात पुढं केलास. मी आकडा सांगितला. तू म्हणालीस, विहारात जाऊन सांग, त्यांची चूक नव्हती म्हणून. आणि परत विचारायला लाग. मी विचारलं, मला माफ केलंस का? तू बाही खाली केलीस. "ते मला जमंल का न्हाय, सांगता येत न्हाय," म्हणालीस. "काम मात्र होऊ दे."

त्यानंतर अकरा दिवस तू होतीस. आपण बोललो, पण औषधाचं, आईचं, प्रज्ञाच्या प्रवेशाचं. ते राहिलेलं राहिलंच. गेलीस ती सकाळी, आईच्या मांडीवर. मी त्या वेळी सलाइनची नवी बाटली आणायला आत गेले होते. शेवटचा श्वास सुद्धा आईच्या वाट्याला.

आठव्या दिवशी आमच्या विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. मांडव कमी पडला, इतकी माणसं आली. त्रिशरण-पंचशील झाल्यावर बेंबळीच्या शाळेचे आपले जुने सर बोलले. म्हणाले, आमच्या शिपायाची पोरगी डॉक्टर झाली, आणि तीही सुई टोचणारी नव्हे, शोध लावणारी. सुई टोचणारी मी पहिल्या रांगेत बसले होते. आईनं माझा हात धरला होता. ती पुटपुटली, बघ किती माणसं आली माझ्या लेकीसाठी. आणि रडता रडता माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्यासाठी किती येतील.

मग 'दिवंगत संघमित्राताईंच्या भगिनी' म्हणून मला बोलवलं. नाव तिथंही घेतलं नाही. मी उठले. तुझं कौतुक करणारा कागद लिहून आणला होता, तो घडी करून ठेवला. म्हणाले, माझ्या बहिणीनं इथं उभं राहून तुम्हाला बोल लावले होते, ते माझ्यामुळं. तुम्ही कुणीही नाळ द्यायला नाही म्हणाला नव्हता. मी तिच्यावर जळत होते, म्हणून मी तुम्हाला विचारलं नाही आणि तिला खोटं सांगितलं.

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. रेखा मागच्या बाजूला उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "मी तर आपणहून देत व्हते." बस, एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला पुढं उभं राहणं कठीण झालं. खाली बसताना मात्र वाटलं, आज ह्या माणसांनी तुझ्याऐवजी माझं ऐकलं. त्याही वेळी असलं वाटलं मला. घरी आल्यावर आई म्हणाली, "आजच सांगायचं व्हतं व्हय?" मी म्हणाले, मित्रानं सांगितलं होतं. मग ती चहा टाकायला उठली. तुझं नाव घेतलं की तिच्याकडं अजून सगळं चालतं.

गेल्या आठवड्यात लावण्याचा फोन आला. हिंदीत बोलता बोलता रडायला लागली. म्हणाली, बारा वर्षं आम्ही एका टेबलावर काम केलं, ती माझी बहीणच होती. मला वाटलं फोन ठेवून द्यावा. ह्या बाईनं तुझी बारा वर्षं बघितली, मी सुट्ट्यांपुरती. पण मी ऐकून घेतलं, आणि विचारलं की अजून नाळा लागतील का. ती म्हणाली, दीदी, तिची कमी ऑक्सिजनची पेटी चालू आहे, पेशी घालायच्या तेवढ्या राहिल्यात. तुमचं पूर्ण नाव सांगा, ह्या वेळी लिहून ठेवते. मी सांगितलं. शुद्धलेखनासह सांगितलं.

काल सकाळी वॉर्डात एक बाई दाखल झाली. बावीस-तेवीस वर्षांची, दुसरी खेप, डोळ्यांच्या खालच्या पापण्या आतून पांढऱ्याफट्ट. कळा अजून लांब होत्या. मी संमतीपत्र घेऊन तिच्याजवळ स्टूल ओढून बसले. तिनं विचारलं, ह्या नाळेचं काय करणार, सिस्टर? दोन वर्षं मी तू शिकवलेली चार वाक्यं पाठ म्हणायचे. काल ती आठवली नाहीत. मी माझ्याच शब्दांत सांगत गेले, की अंगात रक्त कमी असलं की आतल्या शिरांना धाप लागती, आणि त्या नुसत्या बसून राहत न्हाईत, नवी वाट काढायला बघतात. तुझ्या बाळाच्या शिरांना ते कसं जमतंय, एवढं बघायचंय. तिनं पोटावर हात ठेवून सगळं ऐकलं. तिला कळलं, मित्रा. तिच्या डोळ्यांत मला ते दिसलं.

"हे तुमी शोधलंय व्हय?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, न्हाय, माझ्या धाकट्या बहिणीनं. गेल्या महिन्यात वारली.

तिनं पेन घेतलं, सही केली, कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "लई हुशार असतील."

"व्हती," मी म्हणाले. "माझ्याइतकीच."